इगर्जीचा भाता

आमच्या गावची इगर्ज, म्हणजे चर्च, बंद पडली. प्रार्थनेला येणारी घरं गोव्याला, मुंबईला गेली आणि इमारत सुदेशनं विकत घेतली. आता तिथं 'हेरिटेज' हॉटेल आहे. बांगड्याच्या थाळीला हेरिटेज चव कशी येते, ते त्यालाच ठाऊक.

आत जुना पाईप ऑर्गन होता. मुंबईच्या कुठल्याशा चर्चनं नवा घेतला तेव्हा हा आमच्याकडे धाडला, एवढाच त्याचा इतिहास. सुदेशनं पाटी लावली, 'पोर्तुगीज राजाची भेट'. त्या राजानं आमच्या गावाचं नाव तरी ऐकलं होतं का, असं मी विचारलं.

"मास्तरांनू, गिऱ्हाइकाक राजा व्हयो," सुदेश म्हणाला.

धोंडूचं नाव पाटीवर नव्हतं. ऑर्गनमागे बसून हवेचा भाता हलवायचा तो धोंडू. भाता फाटला तेव्हा आपल्या मेलेल्या बैलाचं, पवळ्याचं कातडं कमावून घेऊन त्यानंच तो नवा केला. आता धोंडू नाही. त्याच्या बायकोला, आनंदीकाकीला, तो ऑर्गन एकदा ऐकायचा होता, बाकी काही नको होतं. उद्घाटनाला वाजवतो, असा सुदेशनं तिला शब्द दिला होता.

उद्घाटनाला सत्यनारायण घातला. मग भजन झालं, पखवाज असा घुमला की कौलं हलली. शेवटी पणजीहून आणलेला वादक ऑर्गनवर बसला. पट्ट्या दाबल्या. नुसतं टक टक.

"अरे, भातो खंय?" मी विचारलं.

"पूजेच्या जाग्यार चामडा चलता काय? कालच कापून भायर टाकलंय," सुदेश अभिमानानं म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "आणि पखवाजाक काय केळीचा पान लावलला? तुज्या कमरेक काय आसा?"

त्यानं कमरेच्या चामडी पट्ट्यावर शर्ट ओढला आणि मोबाईल स्पीकरला जोडला. मोबाईलमधला ऑर्गन वाजला, पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. गाढवाला गुळाची चव काय!

आनंदीकाकी उठून मागच्या दारी गेली. नारळाच्या सोडणांच्या ढिगातून तिनं ते कातडं ओढून काढलं आणि पदरानं पुसलं. सुदेश धावत आला.

"काकी, तां हातात घेव नको गो! तुका अजून प्रसाद घेवचो आसा."

"तुजो प्रसाद तुकाच ऱ्हवांदे," काकी म्हणाली. "पवळ्याक मी ह्याच हातान चारो घातलंय."