भट्टीशेजारची नोंदवही

“पेटी आली की आधी वेळ लिहा, मगच पेटीला हात लावा.” संशोधक बाईंचा तो हळू पण ठाम आवाज मला अजून ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात माझी नेमणूक झाली. तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव, म्हणून माझा कागदसुद्धा धूळ न सोडणारा, निळसर. मी भट्टीशेजारी असे. भट्टीत एका वेळी चिपच्या चकत्यांच्या सहा पेट्या मावत. चारच आल्या तर भट्टी लावावी, की उरलेल्या दोन पेट्यांची वाट पाहावी? बाईंना हेच शोधायचे होते.

भट्टीवरच्या ताई माझ्यात नोंदी करीत. कशा करीत, ते मीच जाणे! बाईंनी त्यावरून निबंध लिहिला, “सहा पेट्या जमेपर्यंत थांबा, फारसा वेळ जात नाही.” निबंध गाजला. शेकडो अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला, त्यांचा आणखी शेकडोंनी. मला काचेच्या कपाटात मान मिळाला, पण उघडले कुणीच नाही. न वाचता एवढे कौतुक? माझ्या मनात सारखी पाल चुकचुके.

वीस वर्षांनी बाईंच्या एका विद्यार्थिनीने मला बाहेर काढले. निबंध वाचून सहा पेट्यांसाठी थांबणाऱ्या इतर कारखान्यांत पेट्या तासन्‌तास ताटकळत होत्या. तिचे गणित काही जुळेना.

“बाई, रोज बरोबर पाच-पाच मिनिटांनी पेटी? घड्याळ लावून येत होत्या का?”

बाईंचा चेहरा उतरला. मला दोघींचाही भरवसा वाटेना. ही नाव कमावायला बघतेय, आणि त्या मला गुपचूप रद्दीत घालणार!

पण बाईंनी निवृत्त झालेल्या ताईंनाच बोलावून घेतले.

“अहो, हातात दोन-दोन हातमोजे! पेन धरू की पेटी? सहावी आली की सगळ्यांच्या वेळा अंदाजाने टाकायचे. नीटनेटकं दिसायचं हो! तुम्ही विचारलंत कधी?” मग ताईंचा आवाज खाली आला. “माझं नाव छापून येणार का? सून त्याच भट्टीवर लागलीय.”

“नाही येणार. मी एक दिवससुद्धा तुमच्या शेजारी उभी राहिले नाही, ही चूक माझी. निबंध छापणाऱ्यांना तसंच कळवीन. शब्द देते.”

“पण बाई,” विद्यार्थिनी चाचरली, “सगळे त्या निबंधावरच उभे आहेत.”

“म्हणून तर आजच कळवायचं.”

मित्रांनो, जुन्या वह्यांना नुसते काचेआड जपू नका. उघडून वाचा, शंका घ्या. आणि लिहिणाऱ्या हातांची अडचणही विचारा.

बाईंनी चष्मा पुसला, मला पिशवीत ठेवले आणि निबंध छापणाऱ्या संपादकांच्या कचेरीकडे त्या पायीच निघाल्या.