मागचीचं पाऊल

ह्येरानच्या अडतिसाव्या वाढदिवशी ताटाशेजारी दर जन्मदिवसाला लागणारं समुद्री शेवाळाचं सार नव्हतं. मुळ्याचं होतं.

"वाढदिवसाला शेवाळ नाही, आई?"

"परीक्षेच्या दिवशी? निसरडं ते. पोटात गेलं की माणूस घसरलंच म्हणून समज. वाढदिवस पुढच्या वर्षीही येईल बाई, नोकरी येईल का?"

आई, पोंगसुन, कालच दक्षिण कोरियाच्या टोकाच्या, जिंदोपलीकडच्या बेटावरून एक होडी आणि दोन बसगाड्या करत ग्वांगजू शहरात तिच्याकडे आली होती. समुद्रातल्या खडकांवरचं शेवाळ कापून तिने ही लेक शिकवली. त्याच शेवाळाची जुडी आज तिने पिशवीच्या तळाशी, टॉवेलखाली दडवली होती.

ह्येरान नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. सोमवारी एका गावात, गुरुवारी दुसऱ्या. आज कोरियन साहित्य विभागात सहायक प्राध्यापकाच्या एका जागेची शेवटची फेरी होती. निवड समितीसमोर अर्ध्या तासाचं व्याख्यान. उमेदवार तिघे. याआधी दोनदा ती याच पायरीवरून परत आली होती.

"आणि विषय कोणता घेतलास?"

"शेवाळ कापणाऱ्या बायकांची गाणी."

आईच्या हातातली पळी थांबली. "अगं, मी जुडी लपवतेय आणि तू फळ्यावर शेवाळ मांडणार? भातलावणीची गाणी घ्यायची! चिखलात पाय रुततो तरी, घसरत तर नाही!"

"मला आतून ठाऊक आहेत ती हीच गं."

"हट्टी! अगदी बापावर गेलीस." आईने तिच्या जाकिटाच्या खिशात तांदळाच्या पाकाची चिकट कांडी कोंबली. "ही चघळ. चिकटून राहशील."

व्याख्यान बरं झालं. शेवटी समितीचे अध्यक्ष, प्राध्यापक सोन, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "गाणं गोड आहे हो. पण एकच ओळ पाच-पाच वेळा! बायकांना पुढचं सुचत नव्हतं का?"

बाकीचे हसले. उत्तर टिपणात होतं, पुस्तकी, दोन परिच्छेदांचं. पण अवघडून खिशात गेलेल्या बोटांना ती कांडी चिकटली, आणि ह्येरानला खडक दिसला. ओला, हिरवा, बाजूला समुद्र तोंड वासून. डोईवर भारे घेतलेल्या बायकांची रांग. सगळ्यांत पुढे आई. सगळ्यांत मागे ती स्वतः, सात वर्षांची.

"सुचत होतं, सर," ती म्हणाली. "पण डोईवर भारा, मागे वळून बघता येत नाही. मग पुढची बाई ओळ म्हणते, आणि पाऊल टेकलं की मागची साथ देते. शेवटचीची साथ ऐकू येईपर्यंत पुढची ओळ घ्यायची नाही, असा रिवाज. शेवटची मी असायचे. पाय छोटे, त्यात भित्री. एकदा माझ्यापायी आईने एकच ओळ अकरा वेळा म्हटली."

आणि कोणी विचारायच्या आत तिने ती म्हणून दाखवली:

*पाऊल टेक गं सये, लाट मागं गेली…*

कोणी हसलं नाही. सोन सरांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "आज सकाळी तुम्ही शेवाळाचं सार तर खाऊन आला नाहीत ना?"

"नाही सर. वाढदिवस असूनही आईने मुळ्यावर भागवलं."

आता मात्र सगळी खोली खळखळून हसली.

निकाल तीन आठवड्यांनी होता. तोवर शेवाळाला शिवायचंही नाही असं बजावून आई जुडीसकट बेटावर परतली.

डिसेंबरातल्या एका सकाळी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नाव लागलं. ह्येरानने ते तीनदा वाचलं आणि फोन लावला.

"आई, शेवाळ भिजत घाल."

पलीकडे वारा घोंघावत होता. मग दबक्या आवाजात, "कशासाठी गं? घसरलीस, की जन्मलीस?"

"जन्मले, आई. मार्चपासून रुजू व्हायचंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग चिरकलेल्या गळ्यातून ओळ आली:

*पाऊल टेक गं सये, लाट मागं गेली…*

ह्येरान एका हाताने डोळे पुसत राहिली. आईने पुन्हा म्हटली. पुन्हा म्हटली. घाई तिला कधीच नव्हती. चौथ्या वेळी लेकीची साथ मिळाली, तेव्हा कुठे तिने पुढची ओळ घेतली:

*उतरव भारा आता, वाट घरा आली.*