तारेला घातलेलं झबलं

“आई, हात नका लावू, फार जुनी आहे ती!” जावई ओरडेपर्यंत सासूबाईंनी कॉम्प्युटरच्या पोटातली हिरवी सर्किटची पाटी उचलून चष्म्यापाशी नेलीसुद्धा.

जुनी म्हणे! चौतीस वर्षांपूर्वी अशाच पाट्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. कारखान्यात त्या तारा लावायच्या. बोटाच्या पेराएवढी तार घ्यायची, दोन्ही टोकं वाकवायची, दोन भोकांत घालायची आणि मागून सोल्डरचा डाग द्यायचा. हात चालू आणि तोंडही चालू. लेकीने जुन्या मशिनांचं वेड असलेला नवरा निवडला, तेव्हा त्यातलीच एक पाटी आपल्यासमोर टेबलावर येऊन बसेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“यातले अकरा भाग गंजलेत,” जावई म्हणाला. “महिना झाला शोधतोय, तसेच काही मिळेनात.”

सासूबाईंनी त्यातला एक निरखला. तांदळाच्या दाण्याएवढा, अंगावर एकच काळा पट्टा. मेला! याला त्या बरोब्बर ओळखत होत्या. नवं मशीन आलं त्या आठवड्यात तारांच्या जागी हेच बसू लागले, आणि तारा लावणाऱ्या चौदाही जणींना घरी पाठवलं. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला होता, “तुमच्या तारा निसटतात. मशीनचं काम पक्कं.” ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. घरी त्यांनी सांगितलं, लेक लहान आहे म्हणून मीच नोकरी सोडली. लेक अजूनही ते चारचौघांत कौतुकाने सांगते, आणि सासूबाईंना तिथून उठून जावंसं वाटतं.

“काय असतं हो याच्या पोटात?” त्यांनी विचारलं.

“याच्या? काहीच नाही,” जावई हसला. “शून्य ओहम, विजेला अडथळाच नाही. नुसती तार समजा.”

“काहीतरीच काय!”

“खरंच आई. त्या काळच्या पुष्कळ मशिनांना उघडी तार धरता यायची नाही. एका मापाचे दाणेच लागायचे. मग तारेलाच झबलं घातलं.”

“म्हणजे तार कच्ची म्हणून नव्हे?”

“छे हो! आता बघा ना, झबलेवालेच कुजलेत.”

सासूबाईंचा विश्वास बसेना. जावयाचं काय, तो सासूच्या मनासारखंच बोलणार. “तारांची पाटी आहे तुमच्याकडे?”

होती. मशीन यायच्या आधीची, कपाटात. जावयाने मीटर दिला. “ही दोन टोकं तारेच्या दोन्ही बाजूंना टेकवा. जोड शाबूत असेल तर वाजेल.”

पहिली तार वाजली. दुसरी वाजली. सासूबाई पुढे सरकल्या. एखादी नाही वाजली तर? म्हणजे तो सुपरवायझर खरंच बोलला होता की! अठरावी वाजेना.

“वर मळ असेल,” जावई म्हणाला. “खरवडून बघा.”

त्यांनी नखाने खरवडलं, टोक पुन्हा टेकवलं. वाजली. मग उरलेल्या पाचही वाजल्या.

“आई, काय टूं टूं लावलंय मघापासून?” लेक आतून आली. “नोकरी सोडून एवढी वर्षं झाली, अजून हौस फिटली नाही का तुझी?”

“सोडली नव्हती गं मी,” सासूबाई म्हणाल्या. “काढलं होतं मला. तुमच्या तारा निसटतात म्हणाले. लाज वाटली, म्हणून तुला खोटं सांगितलं.”

लेक नवऱ्याकडे बघायला लागली. त्याला तरी कुठे ठाऊक होतं!

“आणि जावईबापू, ते अकरा शोधणं आता पुरे. तिथे तारच लावू. मूळची जागा तारेचीच, मी लावते.” मग त्यांनी मीटरची दोन्ही टोकं लेकीच्या हातात दिली. “बस इथे. एकेक तार वाजवून बघ.”

लेक खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या तारेपासून वाजवून बघू लागली.