ओसरीखालचं क्लोव्हर

"अजून खाली. ओढ्याकडे चार पावलं," एस्टिलने ओसरीवरून काठी हलवली. त्याच्या बायकोने, वर्डीने, रोवलेली खुंटी पुन्हा उपटली. सकाळपासून ही तिसरी वेळ.

"माझ्या घेवड्याच्या मळ्यात हरणांना जेवायला बोलावतोयस, ते बोलावतोयस," ती खालून म्हणाली, "वर पंगत कुठे मांडायची तेही तुझं ठरत नाही."

एस्टिल नुसता हसला. उत्तर द्यायचं तर श्वास लागतो, आणि श्वास तो जपून वापरायचा. एकतीस वर्षं केंटकीच्या डोंगराखाली कोळसा खणून त्याची फुफ्फुसं आतून दगडासारखी झाली होती. प्राणवायूचं मशीन स्वयंपाकघरात घुरघुरत असे आणि त्याची नळी पन्नास फूट लांब होती. पन्नास फुटांत ओसरी बसत होती, पायऱ्या बसत नव्हत्या. घरामागच्या डोंगरावरचं साठ एकर रान, तिथलं मचाण, सगळं तीन वर्षांपूर्वीच त्याच्यासाठी संपलं होतं.

म्हणून हरणांना चरायला बोलावणारं शेत घराजवळ करायचं ठरलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडला की एस्टिल खुर्चीत बसेल, बंदूक कठड्यावर टेकवेल आणि शेवटचं एक हरीण मारेल, असंच सगळे धरून चालले. वर्डीचंही देवाकडे तेवढंच मागणं होतं. सकाळी चुलीपाशी, रात्री उशीवर डोकं टेकताना ती म्हणायची, एकदा त्याच्या डोळ्यांपुढे येऊ दे रे बाबा.

त्याचा धाकटा भाऊ ऑर्बिन ओटचं बी घेऊन आला. पंधरा दिवसांत हिरवं होतं, हरणं वेडी होतात, असं त्याने पटवून पाहिलं. एस्टिलला क्लोव्हरच हवं होतं, तो तीन पानांचा बुटका चारा. क्लोव्हर सावकाश धरतं आणि मग चार-पाच वर्षं हलत नाही.

"अरे, पण तुला याच वर्षी पाहिजे ना?" ऑर्बिन बोलून गेला, मग खाली मान घालून पोतं परत गाडीत टाकायला लागला. ते बोलणं कुणीच मनावर घेतलं नाही असं तिघांनीही दाखवलं.

शनिवारी आमच्या चर्चचे उपदेशक भाई डेंटन यायचे. आमच्या मंडळीत प्रवचन बोलण्यात सुरू होतं आणि बोलता बोलता सुरात चढतं. ओळ संपताना उपदेशक धापेसरशी श्वास ओढतो आणि पुढची ओळ आणखी वरून धरतो. ज्याने ते ऐकलंय त्याला ठाऊक आहे, देवाचं नाव असं गळ्यातून सुटलं की माणसाच्या मनाची गाठ आपोआप सैल होते. भजनाची ओळ आधी एका दमात सांगायची आणि मग सगळ्यांनी ती उचलायची, ही आमची रीत. चाळीस वर्षं ती ओळ एस्टिल सांगत आला होता. आता भाई डेंटन गात, आणि खुर्चीच्या हातावर त्याची बोटं तेवढी चालत.

नोव्हेंबर आला. क्लोव्हर घोट्याएवढं दाट उठलं होतं. हरीण मात्र एकही आलं नाही. रोज संध्याकाळी एस्टिल ओसरीवर बसे, अंधार पडला की वर्डी त्याला आत घेई. सकाळी ती खाली जाऊन बघे. झुडपांच्या कडेपर्यंत खुरांचे ठसे होते. तिथून ते माघारी वळले होते.

शेवटी तिने ऑर्बिनला बोलावलं. एस्टिल आत झोपला होता. ऑर्बिनने रुईचं बोंड फोडलं आणि ओसरीवरून कापूस सोडला. दिवस कलताना डोंगराची गार हवा खाली उतरते. कापूस तिच्यासोबत तरंगत निघाला आणि सरळ त्या हिरव्या तुकड्यावर जाऊन टेकला. ओसरीवर बसलेल्या माणसाचा वास, तो आत गेल्यावरही रेंगाळणारा, हरणांना पहिल्या पावलालाच लागत होता.

"वारा बघितल्याशिवाय बूट घालायचा नाही, हे मला यानेच शिकवलं," ऑर्बिन हळूच म्हणाला. "आजाराचा डोक्यावरही परिणाम झालाय गं त्याच्या."

वर्डीला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे पाय कोमट पाण्यात धुताना तिने विचारलं, "तुला वारा कळला नाही?"

"कळला. म्हणून तर खुंट्या खाली सरकवल्या."

"मग हरणं कशी यायची?"

"मी बसलोय तोवर नाही यायची."

तिचा हात थांबला.

"माझ्यामागे डोंगरावर तू एकटी शिकारीला चढायची नाहीस," तो म्हणाला. मध्ये दोनदा श्वास घेतला. "भांडी घासायला उभी राहिलीस की खिडकीतून दिसतं. हिवाळ्यापुरतं मांस होईल. नेम तुझाच चांगला, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. आणि नाहीच मारलंस..." तो पुन्हा थांबला. "पाच वर्षं तरी रोज संध्याकाळी कुणीतरी दारात येईल."

"मला नकोत तुझी हरणं. उद्याच नांगर घालते."

"घाल," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

नांगर तिने घातला नाही. मात्र तिचं देवाकडचं मागणं त्या दिवसापासून उलटलं. ऊन कललं की ती स्वतःच त्याची खुर्ची ओसरीवर ढकले, गोधडी गळ्यापर्यंत गुंडाळे आणि शेजारी बसून त्या रिकाम्या हिरव्या तुकड्याकडे बघत राही. आत येताना म्हणे, "आजही नाही आली." तो मान हलवे. शिकारीचा मोसम तसाच सरला.

फेब्रुवारीत त्याला खाटेवरून हलवणं थांबलं. बाहेर बर्फ होता. तरी त्याच्या उशाशी असलेली ओसरीकडची खिडकी ती दोन बोटं उघडी ठेवायची, हवा त्याच्या अंगावरून खाली उतरेल एवढी. घर गारठतंय, असं ऑर्बिन म्हणाला तेव्हा तिने खांद्यावर शाल घेतली, खिडकी लावली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एस्टिल गेला. डोंगरावरच्या घरच्या दफनभूमीत भाई डेंटननी त्याच्यासाठी गायलं, आणि भजनाची ओळ ऑर्बिनने सांगितली, दोनदा अडखळत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांची शेवटची गाडी खोऱ्यातून खाली गेली. लोकांनी आणलेल्या जेवणाची भांडी घासत वर्डी उभी होती. बर्फ वितळला होता, क्लोव्हर नव्याने फुटलं होतं. आधी एक मादी झुडपातून बाहेर आली, मागून दुसरी, मग गेल्या वर्षीचं पाडस. तुकड्याच्या मधोमध येऊन ती चरायला लागली. डोंगराची हवा ओसरीवरून त्यांच्याकडेच उतरत होती.

वर्डीने नळ बंद केला. निदान एकीने तरी मान वर करावी, ओसरीकडे बघून दचकावं, म्हणून ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. दिसेनासं होईपर्यंत तिन्ही हरणं खाली मान घालून निवांत चरत होती.