बावीस मिनिटं

अंबडच्या कोर्टात कनिष्ठ लिपिक असलेल्या संघपालला गावात लोक दोन कारणांनी ओळखत. एक, तो रामकिसन गुरुजींचा मुलगा. दुसरं, त्याचं 'जुनी कॅसेट' नावाचं यूट्यूब चॅनल. आठवडाभर नोटिसा आणि तारखा टाइप केल्या की रविवारी सकाळी तो मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचा, माइक पुढं ओढायचा आणि व्हिडिओ गेमवर बोलायचा. मराठीत, आणि तेही इकडच्या, घरातल्या मराठीत. त्यामुळं जालना, परभणी, बीडकडची कितीतरी पोरं-पोरी त्याला आवडीनं ऐकायची.

त्याची मतं पक्की होती. लहानपणी बसस्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो मशीनवर खेळला होता, आणि पुढं टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारून मारून त्याचे गाल दुखले होते. त्या काळी तीन लाइफ मिळायच्या. त्या संपल्या की पहिल्यापासून. वीज गेली तरी पहिल्यापासून. गेम काही समजावून सांगायचा नाही. मरत मरत शिकायचं. संघपालच्या मते खेळ म्हणावा तो हाच. आता मोठ्या कंपनीशिवाय, एकट्यादुकट्यानं बनवलेले जे इंडी गेम येतात, त्यांतले निम्मे त्याला ढोंगी वाटायचे. तो म्हणायचा, "ठोकळ्या-ठोकळ्यांचं चित्र काढलं म्हणून गेम जुना होत न्हाई. आजीचं लुगडं नेसलं म्हणून पोरगी आजी होत न्हाई." हे वाक्य पुष्कळ फिरलं होतं.

एका हिवाळ्यात त्याला एक मेल आला. कुंभार पिंपळगावहून अलमास नावाच्या मुलीनं लिहिलं होतं. ती तिथं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची; वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. तीन वर्षं खपून तिनं एकटीनं एक गेम बनवला होता. नाव 'चुडा'. मनियाराच्या घरातली एक पोरगी आजीच्या जागी आठवडी बाजारात बांगड्या भरायला बसते, एवढीच गोष्ट. सरांनी खेळून काय वाटतं ते सांगावं, चांगलं-वाईट काहीही चालेल, असं तिनं लिहिलं होतं.

शेजारच्या तालुक्यातून कुणी गेम बनवून पाठवेल असं संघपालच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं त्याच शनिवारी तो उघडला. पडद्यावर ठोकळ्यांचा बाजार, ठोकळ्यांची पालं, आणि समोर येऊन बसणाऱ्या बायांचे हात. दोन बटणांनी हात दाबून मऊ करायचा आणि बांगडी सरकवायची. घाई केली की काच फुटायची आणि पडद्यावर अक्षरं यायची : 'बांगडी वाढवली'. फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, हे घराघरातलं बोलणं तिनं 'गेम ओव्हर'च्या जागी बसवलं होतं. संघपालनं ती अक्षरं दोनदा वाचली. थोडा वेळ खेळून त्यानं गेम बंद केला आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ केला.

बारा मिनिटांच्या त्या व्हिडिओत त्यानं 'चुडा' पार सोलून काढला. बटण दाबल्यावर हात हळू हलतो म्हणाला. हरल्यावर काही वाटत नाही म्हणाला. बांगड्या भरणाऱ्या पोरीच्या मान हलवण्याची नक्कल केली. आणि सगळ्यात जास्त झोडपलं ते आवाजावरून. "आख्खा बाजार मुका. ना गिऱ्हाइकाचा आवाज, ना काचेचा. आळसाला बी काही हद्द असावी," असं म्हणून त्यानं कानाला हात लावून बाजार ऐकायचा आव आणला. 'वाढवली' या शब्दाबद्दल मात्र तो एक अक्षर बोलला नाही.

व्हिडिओ असा उचलला गेला की त्याचाच विश्वास बसेना. त्याचे व्हिडिओ एरवी तीन-चार हजार लोक पाहायचे. हा पंधरा दिवसांत चाळीस हजारांनी पाहिला. कोर्टात अण्णासाहेब नावाचे मोठे कारकून, ज्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, तेही कानाला हात लावून त्याची नक्कल करू लागले. खाली लोकांनी लिहिलेलं वाचताना मात्र संघपाल मध्येच थांबायचा. काही हसणारे होते, पण काहींनी मुलीच्या नावावरून, जातकुळीवरून नको ते लिहिलं होतं. घाण काढून टाकावी असं त्याला वाटायचं. मग वाटायचं, राहू दे, आपण थोडंच लिहिलंय.

तिसऱ्या आठवड्यात अलमासचा दुसरा मेल आला. तो चारच ओळींचा होता. तिनं गेम विक्रीतून काढून घेतला होता. "सर, गेम आवडला नाही याची तक्रार नाही. फक्त एक सांगते. तुम्ही म्हणालात आवाज नाही. आवाज दुसऱ्या बाजारापासून येतो. पहिल्या बाजारात पोरगी एवढी घाबरलेली असते की तिला काही ऐकू येत नाही. गेमनं समजावून सांगू नये, हे मी तुमच्याच व्हिडिओवरून शिकले होते."

संघपालनं तो मेल कोर्टात, जेवणाच्या सुट्टीत वाचला. डबा तसाच झाकून ठेवला. त्या दिवशी त्यानं एका नोटिशीवर चुकीची तारीख टाकली आणि दुसऱ्यांदा टाइप करताना पुन्हा तीच टाकली.

शनिवारी दुपारी त्यानं 'चुडा' परत उघडला. सुरुवातीलाच गेमनं त्याचा जुना हिशोब दाखवला : खेळलेला वेळ, बावीस मिनिटं. बाकी कुणी पाहत नव्हतं, तरी त्याचे कान तापले. चाळीस हजार लोकांनी त्याचं ऐकलं होतं आणि एकालाही चूक दिसली नव्हती, कारण त्यांतल्या कुणीच गेम खेळलेला नव्हता. त्याच्या शब्दावर त्यांनी मान डोलावली होती.

दुसरा बाजार सुरू झाला. पहिल्या बाईच्या हातात बांगडी नीट बसली आणि काचेवर काच वाजली, किण्ण. एवढाच आवाज. पुढच्या हातावर बाईचा श्वास ऐकू आला, मग शेजारच्या पालावरचा भाव ओरडणारा, मग लांबून एसटीचा हॉर्न. एकेका हातासरशी बाजार पोरीच्या कानात येत गेला. हात हळू हलतो ते मुद्दाम होतं. घाई करणाऱ्या बोटांना गेम धीर शिकवत होता.

चौथ्या बाजारात एक म्हातारी येऊन बसली. तिच्या कपाळावर काही नव्हतं. संघपालनं तिचा हात दाबला, बांगडी उचलली, 'बांगडी वाढवली'. परत दाबला, 'वाढवली'. दुसरा रंग, दुसरं माप, सगळे जुने डाव करून पाहिले. अकरा वेळा काच गेली. शेवटी कंटाळून त्यानं बटणांवरची बोटं उचलली आणि नुसता बसून राहिला. म्हातारीचा हात पोरीच्या हातात तसाच राहिला. बाजाराचा आवाज हळूहळू मंद झाला. बऱ्याच वेळानं म्हातारी उठली, तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेम पुढं सरकला. तिला बांगड्या नकोच होत्या. नवरा गेल्यापासून तिचा हात कुणी धरला नव्हता.

संघपाल खुर्चीतून उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. त्याची बायको ज्योत्स्ना वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिक्षिका होती. तिनं काय झालं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, पेपर न वाचता मी कुणाला नापास केलं असतं तर मामंजींनी मला घरात घेतलं असतं का? एवढं बोलून तिनं पुढची वही उघडली.

कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि एसटी धरली. मनियाराचं दुकान विचारायला लागलं नाही; बाजाराच्या तोंडाशीच होतं. अलमासचे वडील सिराजोद्दीन गादीवर बसून एका बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होते. संघपालनं नाव सांगितलं. त्यांचे हात एक क्षण थांबले. मग त्या बाईचा चुडा पूर्ण करून, पैसे घेऊन, त्यांनी त्याच्यासाठी चहा सांगितला. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. उलट आस्थेनं विचारलं, एवढ्या लांबून आलात, जेवण झालं का. ते संघपालला शिवीपेक्षा जास्त लागलं.

अलमास क्लासवरून आली. पंचविशीची, डोक्यावर ओढणी, बोलणं तोलून. संघपालनं घरून पाठ करून आणलेली माफी मागितली आणि म्हणाला, व्हिडिओ आजच काढून टाकतो.

"काढू नका," अलमास म्हणाली.

"का?"

"काढला की तुम्ही मोकळे होताल, सर. ज्यांनी पाहिला त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, रडून राह्यली. तुम्हीच सांगा."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात तिनं विचारलं, "एक विचारू का? पुढं का न्हाई खेळलात?"

हा प्रश्न येईल हे त्याला ठाऊक होतं, तरी तो चाचरला. कोर्टात कामं फार होती, वेळच मिळाला न्हाई, असं तो म्हणाला. अलमासनं "हौ का" एवढंच म्हटलं. सिराजोद्दीन खाली बघून बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत राहिले. त्यांना खरं वाटलं की नाही, संघपालला कळलं नाही.

परतीच्या एसटीत त्याला दुसरं काही सुचेना. माफी मागायला म्हणून गेलो आणि खोटं बोलून आलो. खरं कारण त्याला त्या शनिवारीच माहीत होतं, 'वाढवली' हा शब्द वाचल्या क्षणी. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सहा वर्षांपासून एक फोल्डर होतं. त्यात त्याचा स्वतःचा गेम होता. म्हणजे गेमचं नाव होतं, सुरुवातीचा पडदा होता, आणि 'सुरू करा' असं बटण होतं. ते दाबलं की काही होत नव्हतं. दर वर्षी तो बटणाचा रंग बदलायचा. आणि इथून दोन तासांवर एका पोरीनं क्लास सांभाळून, दुकानाला हात लावून, पूर्ण गेम करून ठेवला होता, आणि तो चांगला होता. बाविसाव्या मिनिटाला त्याची खात्री पटली होती, म्हणूनच त्यानं तो बंद केला. अजून खेळला असता तर वाईट बोलायला तोंड उरलं नसतं.

रविवारी तो माइकपुढं बसला. पहिल्यांदा त्यानं कामाचा बोजा सांगितला आणि रेकॉर्डिंग पुसलं. दुसऱ्यांदा 'माणसाकडून चूक होते' असं काहीतरी गोल गोल बोलला. तेही पुसलं. ज्योत्स्ना दारात येऊन उभी राहिली होती. तिच्यासमोर त्याला गोल बोलता येईना. तिसऱ्यांदा त्यानं कॅमेऱ्यात आपलं फोल्डर उघडून दाखवलं आणि 'सुरू करा'चं बटण दाबलं. काही झालं नाही. मग तो म्हणाला, "मी 'चुडा' बावीस मिनिटं खेळल्तो. आवाज न्हाई म्हणलो ते खोटं. पुढं गेलोच न्हाई, मंग ऐकू कसा येणार? आणि वेळ नव्हता म्हणून थांबलो, असं न्हाई. मी जळलो म्हणून थांबलो." नंतर चौथ्या बाजारातल्या म्हातारीपर्यंत गेम कसा जातो हे त्यानं सांगितलं, पण तिच्या हाताचं काय करायचं ते सांगितलं नाही.

हा व्हिडिओ नऊशे लोकांनी पाहिला. जवळजवळ तेवढेच चॅनल सोडून गेले. कुणी लिहिलं, सर नाटक करून राह्यले. कुणी लिहिलं, घाबरला. जुन्या व्हिडिओच्या वर त्यानं ठळक अक्षरांत कबुली चिकटवली, खालची घाण एकेक करून काढली. तरी तो व्हिडिओ चालतच राहिला. पन्नास हजार झाले. कबुली वाचायला कुणी थांबत नव्हतं. अण्णासाहेब अजून कधीमधी कानाला हात लावायचे, आणि संघपालनं दोनदा समजावून सांगितल्यावरही त्यांना त्यात काय वाईट ते कळलं नव्हतं.

अलमासचा एकच ओळीचा मेल आला : "पाहिला. अब्बांनी पण पाहिला." गेम तिनं पुन्हा विक्रीला लावला.

वर्षभरानं तिचा दुसरा गेम येतोय हे संघपालला इतरांसारखंच बाहेरून कळलं. गेमवर बोलणाऱ्या चार-पाच जणांना तिनं तो आधी पाठवला होता. त्याला पाठवला नव्हता. 'आपल्याला का नाही,' हा विचार त्याच्या मनात आलाच नाही. गेम विक्रीला लागला त्या दिवशी त्यानं तो विकत घेतला आणि चार शनिवार बसून शेवटच्या पडद्यापर्यंत खेळला. ऐकणारे विचारत राहिले, सर, यावर व्हिडिओ कधी? त्यानं लिहिलं, माझ्याकडून नको, तुम्ही स्वतः खेळा. व्हिडिओ त्यानं केला नाही.