मोजणीबाहेरची बोट

मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी किनाऱ्यालगत घुसून लहान होड्यांची जाळी फाडायचा सपाटाच लावला होता. होडीवाल्या धोंडूचं जाळं तर दोनदा फाटलं. त्याची सून योगिनी मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर सांभाळायची, ती त्या संतापातच कामाला बसली. महिन्याच्या सगळ्या तक्रारी सॉफ्टवेअरमध्ये भरल्या, ट्रॉलरच्या नावाने गट पाडले, प्रत्येक गटातल्या तक्रारी मोजल्या आणि त्या आकड्यांची सरासरी काढली. चार आली. आकडा दणदणीत आला म्हणून तिला आनंदच झाला, खोटं कशाला बोला. बैठकीत तिने ठणकावून सांगितलं की बंदरातला ट्रॉलर न् ट्रॉलर महिन्याला चार-चार जाळी फाडतो.

एवढंच हवं होतं. माणसं बैठकीतून उठली ती कोयते घ्यायलाच.

योगिनी मागे आवरत राहिली. स्क्रीन बंद करता करता तिने नावं वाचली. सहाच होती, आणि बंदरात ट्रॉलर बारा. ज्याच्याविरुद्ध तक्रारच नाही त्याचा गट पडत नाही, आणि गट नाही तो सरासरीत येत नाही. एकूण चोवीस तक्रारींना बारांनी भागलं तर सरासरी दोनच. त्या गाळलेल्या सहांतल्या एकावर तिचा धाकटा भाऊ संदेश खलाशी होता. ती अनवाणीच जेटीकडे धावली.

ज्यांनी जाळी फाडली होती ते ट्रॉलर कुणकुण लागताच समुद्रात पळाले होते. ज्यांच्या मनात पाप नव्हतं तेच निवांत बांधलेले, आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडला होता. बोट चालवणाऱ्या तांडेलाचं डोकं वल्ह्याने फोडलेलं, बर्फाच्या पेट्या रक्ताने माखलेल्या. संदेश दोन्ही हात वर करून "आमी नाय फाडली" म्हणत होता. धोंडूला डोळ्यांपुढे माणूस दिसतच नव्हता. त्याचा कोयता त्या उचललेल्या हातावरच बसला आणि मनगट लोंबायला लागलं.

योगिनीने मागून सासऱ्याला मिठी मारली.

"सोड. तूच बोल्लीस ना, एकूण एक फाडतात म्हणून?"

"ह्यांनी एकपण नाय फाडलं, बाबा. ह्यांची बोट मी मोजलीच नाय."

धोंडूने खाली पडलेल्या पोराकडे पाहिलं आणि कोयता टाकून मटकन बसला.

योगिनी ओढणीने भावाचा हात आवळू लागली. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण शुद्ध होती, आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "मी ह्या बोटीवर हाय, म्हाईत होतं ना तुला?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि गाठ आणखी घट्ट ओढली. रक्त काही थांबत नव्हतं.