काचेतली वांगी

कुतुबुद्दीननं जांभळं वांगं देठासकट तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि बंद शटरला पाठ लावून तो चावत राहिला. वांगं अंगठ्याएवढंच. बदामाची पूड नि पिठीसाखर मळून त्याच्या पोरीनं, आसियानं, ते घडवलं होतं आणि वरून रंग दिला होता. याला मार्झिपान म्हणतात हे त्याला आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. तेव्हापासून ते नाव घ्यायचं तो शक्यतो टाळत होता.

आसिया ट्रे धरून समोर उभी होती. बापाच्या जबड्यावरून तिची नजर हलत नव्हती.

"काय?"

"थांब की जरा. खाली तर उतरू दे."

वांगं खाली उतरलं. त्यावर कुतुबुद्दीन घटाघटा तांब्याभर पाणी प्याला, तिथंच निकाल लागला.

"दिसायला एक लंबर," तो म्हणाला. "पर तोंडात गेलं की डोक्याचं तेल खाल्ल्यावानी वाटतंय."

"आवं अब्बा, बदाम हाय त्यो."

"तेलातबी बदामच असतोय की."

साताऱ्यातल्या या बेकरीचा एक नेम होता. रोज सकाळी शटर वर करण्याआधी मालकानं प्रत्येक ट्रेमधला एकेक नग उभ्यानं खायचा. जिभेनं होकार दिला तर माल काचेच्या कपाटात जायचा, नाहीतर नाही. हा नेम कुतुबुद्दीनच्या वडिलांचा, आणि तो पाळण्यात पोरगा बापापेक्षा सवाई. खारी किंचित करपली म्हणून एकदा गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना त्यानं भट्टीतला सगळा माल बाजूला काढला होता. आपल्याला गोड लागत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, हे त्याच्या बुद्धीला पटतच नसे.

आता घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं. आसिया दोन वर्षं पुण्यात केकचं काम शिकून आली होती. तिथल्या एका हॉटेलनं तिला बोलावलं होतं आणि शनिवारपर्यंत कळवायचं होतं. पोरीनं आडपडदा ठेवला नव्हता.

"केक काय, आता गल्लोगल्ली मिळतोय. ह्ये साताऱ्यात कुणाकडंच न्हाई. माझ्या हातचं काचंत बसणार नसंल, तर टोस्टच्या पिशव्या बांधायला मी हितं कशाला थांबू?"

कुतुबुद्दीनला पोरगी जायला नको होती. ती आल्यापासून बेकरीत दिवस कसा मावळतो ते त्याला समजत नव्हतं. पण 'जाऊ नको' म्हणणं म्हणजे तिच्या पायात खोडा घालणं, आणि नेम मोडणं म्हणजे वडिलांना तोंड दाखवायला जागा न उरणं. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी त्यानं ठरवलं की दोष आपल्याच जिभेचा असेल. चार लोकांना विचारावं. त्यानं गल्ल्याशेजारी आसियाच्या हातची वांगी, पेरू, अंजिरं घालून एक बशी ठेवली. पैसे नकोत, फक्त खरं बोला, एवढीच अट.

सुभेदारकीवरून निवृत्त झालेले बाळासो रोज पाव न्यायला येत. त्यांनी एक पेरू तोंडात टाकला आणि उभ्या जागी खुलले.

"लय भारी! आमच्या मेसमधी नाताळला असायचं ह्ये. कवाधरनं खाल्लं नव्हतं गड्या." बोलता बोलता त्यांनी आणखी दोन उडवले.

मागे उमाबाई होत्या. त्या वाईच्या शाळेत शिकवत. बसच्या आधी खारी घ्यायला थांबल्या होत्या. त्यांनी एक कण चाखला आणि रुमाल काढला.

"राग मानू नका हं, पण खोकल्याच्या औषधाचा वास येतोय."

"बाई, औषध न्हवं, बदाम हाय," बाळासो म्हणाले.

"बदाम मला माहीत आहे. आई रोज भिजवून द्यायची. त्याला असला वास नव्हता."

"भिजवलेल्याला कसला आलाय वास? पाण्यात गेला समदा!"

निवडणुकीवरूनही कधी आवाज न चढवणारी ही दोन माणसं पाव तास हमरीतुमरी करत होती. बाईंची बस निघून गेली तेव्हा कुठं वाद थांबला.

पुढे तीन दिवस हेच. एक जण बशी चाटूनपुसून खाई, दुसरा तोंड वाकडं करी. 'ठीक आहे' म्हणणारा एक माणूस सापडेल तर शपथ. कुतुबुद्दीननं बायकोला गाठलं. रहिमतबीनं अंजीर चाखलं, "रंग काय सुरेख दिलाय गं बाई," म्हणाली आणि आत निघून गेली. वीस वर्षं सासू सांभाळलेली बाई ती. अशी हाती लागते होय?

मग कुतुबुद्दीननं गुपचूप सराव सुरू केला. कारलं नाही का सवयीनं आवडायला लागत? आसियाची पाठ वळली की तो एक नग उचली. रिकाम्या पोटी खाऊन पाहिला, जेवणावर खाऊन पाहिला. चहात बुडवला, तर चहा वाया गेला.

शनिवारी सकाळी आसियानं ट्रे पुढे केला. कुतुबुद्दीननं आपणहून मोठं वांगं उचललं, चावलं, गिळलं.

"झकास," तो म्हणाला. "आज जमलंय."

आसियानं ट्रे खाली ठेवला.

"अब्बा, पाणी प्या."

"नको."

"प्या. डोळं भरल्यात तुमचं."

तो प्याला.

"मालाबद्दल तुमी कवा खोटं बोलला न्हाईसा. मग आजच का?"

कुतुबुद्दीन कोरडे हात फडक्याला पुसत राहिला.

"पुणं लांब हाय," तो म्हणाला.

"अडीच तासांवर तर हाय."

"लांबच हाय गं."

 आसियानं ट्रेमधलं एक वांगं उचललं, फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं.

"मलाबी न्हाई आवडत," ती म्हणाली.

"काय?"

"ह्येच. शिकताना पैल्या दिवशी थुकून टाकलं हुतं."

"मग करतीस कशाला?"

"हाताला आवडतंय. देठ वळवायला लागलं की मला दुसरं काय सुचत न्हाई. आन खाणारं हायती की, बाळासोंसारखं. तुमाला सांगितलं असतं, तर तुमी ट्रेच उकिरड्यावर नेला असता."

कुतुबुद्दीनला असं हसू फुटलं की भट्टीवरचा गडी डोकावून गेला. हसता हसताच त्यानं ट्रे उचलला, काचेच्या कपाटाचा मधला कप्पा मोकळा केला आणि वांगी मांडली. मग शटर वर केलं.

"अजून पुण्याला कळवलं न्हाई मी," पाठमोरी होत आसिया म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक अनोळखी बाई. काचेवर बोट टेकवून तिनं विचारलं, "हे कसं लागतं हो?"

"खरं सांगू? मला न्हाई आवडत. पोरीलाबी न्हाई."

"अहो, मग ठेवलंय कशाला?"

"पोरीनं केलंय," कुतुबुद्दीन म्हणाला. "आन तिच्यावानी हात उभ्या साताऱ्यात दुसरा न्हाई. निम्म्या लोकांना लय आवडतंय. तुमी कुठल्या निम्म्यात, ते खाऊन बघा."

आत आसियाचा फोन लागला होता. 

"सर, मी येत नाहीये."

तिकडून कारण विचारलं असावं.

"लांब पडतं," ती म्हणाली.